इंटरनेटवर देशाची सत्ता असावी का?

कुंपणवाला
आधीच सांगतो, मी सरकारच्या बाजूचा. 2013 मध्ये स्नोडेनने अमेरिकी हेरखात्याचे गुप्त कागद फोडले तेव्हा कळलं की ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्यावरही अमेरिकेची पाळत होती. राष्ट्रप्रमुखाची ही गत, मग आपण कोण? डेटा आपला, सर्व्हर परक्याचा, कायदाही त्याचाच. 'आमच्या लोकांचा डेटा आमच्या हद्दीत ठेवा' असं एखादा देश म्हणाला तर लगेच हुकूमशाही कशी होते?

उलटतपासणी
ब्राझीलचं नाव काढलंत म्हणून: 2014 च्या मार्को सिव्हिल या त्यांच्या इंटरनेट कायद्यात 'डेटा देशातच ठेवा' ही अट घालायचं चाललं होतं, शेवटी त्यांनीच ती गाळली.
हद्दीत ठेवलेला डेटा परक्यांपासून वाचेलही, पण घरच्या पोलिसांच्या हाताशी येतो त्याचं काय? रशियाने 2015 पासून ही सक्ती केली. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या साइटने मानलं नाही, 2016 मध्ये ती तिथे बंद. 2018 मध्ये टेलिग्राम या मेसेजिंग ॲपने संदेश उलगडायच्या किल्ल्या सरकारला द्यायला नकार दिला, तर त्याला अडवायच्या नादात ॲमेझॉन-गूगलचे लाखो आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे क्रमांक) बंद केले. भलत्याच साइट कोलमडल्या, टेलिग्राम चालूच! 2020 मध्ये बंदी उठवावी लागली.

कुंपणवाला
रशिया काढणार हे ठाऊकच होतं. युरोप का नाही आठवत? जीडीपीआर हा तिथला डेटा-संरक्षण कायदा 2018 पासून लागू आहे. युरोपियनांचा डेटा अमेरिकेत नेला म्हणून 2023 मध्ये फेसबुकवाल्या मेटाला 1.2 अब्ज युरोंचा दंड झाला. कुणाचं तोंड बांधलं नाही, तारही तोडली नाही.

पॅकेटवाला
तुम्ही दोघं 'सत्ता' हा एकच शब्द घेऊन दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. कंपनीला दंड ठोकणं वेगळं आणि डेटा ज्या रस्त्यांनी जातो त्यांवर हात घालणं वेगळं. 24 फेब्रुवारी 2008 आठवा. पाकिस्तानला यूट्यूब फक्त देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी तिथल्या टेलिकॉम कंपनीने 'यूट्यूबचा रस्ता आमच्याकडून जातो' अशी बीजीपीवर, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात त्या यंत्रणेवर, दवंडी पिटली. ती आतच राहायला हवी होती. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीने ती पुढे पाठवली. राउटर, म्हणजे डेटाला वाट दाखवणारं यंत्र, शेजाऱ्याच्या शब्दावर चालतो, आणि जो पत्ता जास्त नेमका सांगेल त्याचंच ऐकतो. दोनेक तास जगात ठिकठिकाणी यूट्यूब गायब! सेन्सॉरशिपचा हेतू सोडा, नुसत्या हलगर्जीने झालं हे.

उलटतपासणी
आणि हेतू असला की काय होतं ते इजिप्तने जानेवारी 2011 मध्ये दाखवलं. मोजकेच इंटरनेट सेवादाते, वरून हुकूम, जवळजवळ अख्खा देश पाचेक दिवस अंधारात. दारं कमी असली की कुलूप लावणं सोपं.

कुंपणवाला
बरं, माझ्या मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाहीये. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस युक्रेनने आयकॅनकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, रशियन साइटच्या नावामागचं '.ru' काढून टाकायची मागणी केली. मार्चमध्ये आयकॅन नाही म्हणाली, चांगलंच केलं. पण अख्ख्या देशाचं नाव पुसायचं की नाही हे कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेला का विचारावं लागतं?

तिरपा
वाचनमात्र होतो, राहवलं नाही. ती नाही म्हणू शकली कारण 2016 पासून अमेरिकी वाणिज्य खात्याशी असलेला तिचा करार संपलाय. तेच काम सरकारांच्या मंडळाकडे असतं तर त्या मार्च महिन्यात मतदान झालं असतं. निकालाची कल्पना करा.

कुंपणवाला
करार संपला, पत्ता तोच आहे ना? उद्या अमेरिकी कोर्टाने आदेश दिला तर?

पॅकेटवाला
हा प्रश्न मात्र खरा आहे. उत्तर माझ्याकडे नाही.