मेरी अँटोनेटने तो हिऱ्यांचा हार घेतलाच नव्हता, मग बदनामी तिचीच का झाली?

रानजाई:
गेल्या आठवड्यात सहज म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल वाचायला घेतलं आणि त्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात अशी अडकले की बाकी सगळं बाजूलाच राहिलं. मला आधी माहीत होतं ते एवढंच की "ब्रेड नाही तर केक खा" म्हणणारी राणी ती हीच, आणि आता कळतंय की तेही ती म्हणाली नव्हती. हार तिने मागवला नाही, तिच्या हातात कधी पडला नाही, ठग पकडले गेले, खटला चालला, शिक्षाही झाली, आणि तरी पॅरिसभर बोंब कुणाच्या नावाने तर राणीच्या! हे काही केल्या पचत नाहीये. लोकांना खरं काय ते कळलंच नव्हतं का कळूनही पटलं नाही? दुसरं म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात एक जुना हार विकला गेला, त्यात ह्याच हारातले हिरे असावेत असं बातम्यांत होतं, ते कितपत खरं? कुणी नीट वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

जुनीपोथी:
रानजाई, ही गोष्ट राणीपासून सुरू केली की हमखास गोंधळ होतो, हारापासून सुरू करा. पॅरिसचे दोन जवाहिरे, बोमर आणि बासांज. त्यांनी पंधराव्या लुईच्या मर्जीतल्या मादाम द्यु बारीसाठी हा हार करायला घेतला, ६४७ हिरे, एकूण २८०० कॅरेटच्या आसपास. नाजूक वगैरे काही नाही, गळ्याशी सतरा टपोऱ्या हिऱ्यांची माळ, खाली झुलणाऱ्या लडी आणि पार कमरेपर्यंत लोंबणारे गोंडे. हिरे गोळा करायला दोघांनी डोक्यावर कर्ज करून ठेवलं आणि १७७४ मध्ये लुई देवीच्या रोगाने गेला, द्यु बारीची दरबारातून हकालपट्टी झाली. माल तयार, गिऱ्हाईक नाही, आणि व्याज चढतंय.

मग साहजिकच नव्या राणीकडे, म्हणजे मेरी अँटोनेटकडे, मोर्चा वळला. एकदा खुद्द सोळाव्या लुईने, तिच्या नवऱ्याने, तिला विचारलं, ती नको म्हणाली. १७८१ मध्ये युवराज जन्मला तेव्हा परत विचारणा, परत नको. पुढे बोमर तिच्या पायाशी पडून रडला, घेतला नाहीत तर मी नदीत जीव देईन म्हणाला, तेव्हा तिने सरळ सांगितलं की हार मोडा आणि हिरे सुटे विका. तिची दासी मादाम काँपां हिने आठवणींत हे लिहून ठेवलंय. मला हा भाग फार लागतो हो, त्याने तेव्हा ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता मुख्य पात्र झान द ला मोत. जुन्या व्हाल्वा राजघराण्यातल्या एका अनौरस मुलाच्या वंशातली, वंशावळ खरी पण घरात खायची ददात, त्यामुळे ह्या जगाने आपलं देणं बुडवलंय असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. तिला सावज मिळालं कार्डिनल रोआँ. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू. हा स्ट्रासबुर्गचा बिशप, अफाट श्रीमंत घराणं, पण राणी त्याला पाण्यात पाहायची, कारण व्हिएन्नाला राजदूत असताना त्याने तिच्या आईची, ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसाची, टवाळी केलेली होती. ह्याला व्हायचं होतं पंतप्रधान आणि राणी तर एक शब्द बोलत नाही. झानने त्याला पटवलं की राणीची आणि माझी दाट मैत्री आहे. मग राणीच्या नावाने पत्रं यायला लागली, ती लिहायचा झानचा यार रेतो द व्हिलेत.

आणि ऑगस्ट १७८४ ची ती रात्र. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत, झाडीच्या अंधारात, झानने चक्क तोतया राणी उभी केली! निकोल लेगे नावाची पॅरिसमधली एक गरीब मुलगी, तिला पांढरा मलमलचा झगा घातला, हातात गुलाब दिला. तिने गुलाब कार्डिनलच्या हातात ठेवला, झालं गेलं विसरले अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली, आणि कुणीतरी येतंय म्हणून लगेच पळापळ. एवढ्यावर तो माणूस विरघळला. १७८५ च्या जानेवारीत त्याने राणीसाठी म्हणून १६ लाख लिव्रला (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) हाराचा सौदा केला, पैसे हप्त्याने द्यायचे, १ फेब्रुवारीला हार ताब्यात घेतला, झानच्या घरी नेला आणि राणीचा म्हणून आलेल्या माणसाच्या हाती सोपवला. नंतर हार सुरीने उचकटला, हिरे सुटे केले, आणि झानचा नवरा बरेचसे लंडनला नेऊन विकून आला.

खडीसाखर:
जुनीपोथी, मस्त लिहिलंय. एकच भर घालते, ती सही! कराराच्या कागदावर राणीची मंजुरी म्हणून सही होती "मेरी अँटोनेट द फ्रान्स". फ्रान्सची राणी नुसतं नाव लिहायची, पुढे काही नाही. दरबारात जन्म काढलेल्या कार्डिनलला हे ठाऊक असायलाच हवं होतं, राजानेही त्याला हेच विचारलं की तुझ्यासारख्या माणसाला ही सही खरी वाटलीच कशी.

पण रानजाई, माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. ह्या प्रकरणात ती निर्दोष होती हे शंभर टक्के मान्य. पण लोकांना ते खरं *वाटलं*, त्यात तिचाही हात होता. राणी झाल्यावर पहिली काही वर्षं तिने ह्याच बोमरकडून महागड्या हिऱ्यांची कर्णभूषणं घेतली, बांगड्या घेतल्या, त्यावरून १७७६ मध्ये आईने व्हिएन्नाहून पत्र लिहून चांगलं सुनावलं होतं. जुगार, केसांचे ते उंच मनोरे, प्ती त्रियानोंच्या महालात मोजक्या मैत्रिणींना घेऊन राहणं. १७७८ नंतर पोरं झाली आणि ती बरीच सावरली, पण एकदा बसलेला शिक्का जातो का? बरं हाराचा हा सगळा घोळ चालू होता त्याच सुमारास तिच्यासाठी साँ क्लूचा राजवाडा साठ लाख लिव्रला घेतला गेला, तोही तिच्या स्वतःच्या नावावर. आता बाहेरच्या माणसाने काय समजायचं? साठ लाखांचा वाडा घेणारी बाई सोळा लाखांचा हार चोरून घेणारच नाही असं त्याला कुणी पटवायचं?

रानजाई:
रागावते कशाला, हेच तर हवं होतं. पण मग सांगा ना, वाडा उघडपणे घेतला आणि हार दोनतीनदा उघडपणे नाकारला, हे दोन्ही लोकांसमोर होतं. त्यातलं नाकारलेलं कुणीच का नाही लक्षात ठेवलं? आणि कोर्टाने झानला दोषी ठरवल्यावर तरी विषय मिटायला हवा होता.

काळाकोट:
रानजाई, कोर्टाच्या निकालातच खरी मेख आहे, मी स्वतः कायद्याच्या क्षेत्रात आहे म्हणून हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचलाय.

आधी अटक कशी झाली ते बघा. जुलै १७८५ मध्ये बोमरने राणीला एक चिठ्ठी दिली, जगातले सर्वांत सुंदर हिरे आता आपल्याकडे आहेत ह्याचा आनंद वाटतो अशा आशयाची. तिला काही अर्थबोध होईना, बोमर परत डोक्यावर परिणाम झाल्यासारखा लिहितोय म्हणाली, आणि लाखेसाठी टेबलावर मेणबत्ती जळत होती तिच्यावर ती चिठ्ठी धरली. तिच्या बाजूचा सगळ्यात पहिला पुरावा तिच्याच हाताने गेला. पुढे हप्त्याची तारीख उलटली, बोमर काँपांकडे गेला आणि भांडं फुटलं. १५ ऑगस्टला, मेरी मातेच्या सणाच्या दिवशी, राणीच्याही नावाचा दिवस, सगळा दरबार प्रार्थनेसाठी जमलेला असताना कार्डिनलला पूर्ण धार्मिक पोशाखात व्हर्सायमध्ये पकडलं आणि बास्तीलच्या तुरुंगात टाकलं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! गुपचूप राजीनामा घेऊन, जवाहिऱ्यांचं देणं रोआँच्या मालमत्तेतून भागवून प्रकरण मिटवता आलं असतं. पण राणीला तिची निर्दोषता जाहीरपणे सिद्ध करून हवी होती आणि राजाने खटला पॅरिसच्या पार्लमाँपुढे चालू दिला. हे पार्लमाँ म्हणजे आपण समजतो ती संसद नाही, ते न्यायालय होतं, आणि बरेचसे न्यायाधीश राजसत्तेवर आधीच खार खाऊन होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या काळी फ्रान्समध्ये छापायच्या आधी सेन्सॉरची परवानगी लागायची, पण वकिलांनी अशिलाच्या बाजूने छापलेल्या कैफियतींना ती लागत नव्हती. बस्स, प्रत्येक आरोपीच्या वकिलाने कैफियत छापली आणि ती हजारोंनी खपली. झानची कहाणी, कॅलिओस्त्रो नावाच्या त्या जादूटोणेवाल्याची कहाणी (तो कार्डिनलच्या वर्तुळातला म्हणून तोही आत गेला होता), आणि निकोलची तर विचारूच नका. तिला बास्तीलमध्येच मूल झालं होतं, कोर्टात हजर व्हायची वेळ आली तर बाळाला दूध पाजतेय म्हणून न्यायाधीश थांबले. लोक रडले तिच्यासाठी. आणि ह्या सगळ्यात राणीची बाजू मांडायला कोण? कुणीच नाही. ती आरोपी नव्हती, साक्षीदारही नव्हती, त्यामुळे तिची कैफियत छापायचा प्रश्नच नव्हता. ज्यांना बोलायची मुभा होती त्यांचं लोकांनी ऐकलं.

आता निकाल, ३१ मे १७८६. झानला फटके, डागणी आणि सालपेत्रिएरच्या तुरुंगात जन्मठेप. तिचा नवरा हाती लागला नव्हता, त्याला गैरहजेरीत जन्मभर गलबतावर सक्तमजुरी. व्हिलेत हद्दपार. निकोल सुटली. आणि कार्डिनल पूर्ण निर्दोष. सरकारी वकील झोली द फ्लरी ह्यांची मागणी बघा, ते कार्डिनलला चोर म्हणतच नव्हते, त्यांचं म्हणणं एवढंच की फ्रान्सची राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल असं मानण्याचं धाडसच मुळात गुन्हा आहे, त्याबद्दल त्याने जाहीर माफी मागावी. कोर्टाने ती मागणी फेटाळली. म्हणजे कायद्याच्या भाषेत निकाल काय झाला? ह्या राणीबद्दल असं वाटणं वावगं नाही. रानजाई, तुम्ही म्हणता कोर्टाने झानला दोषी ठरवल्यावर विषय मिटायला हवा होता, पण त्याच निकालपत्राने राणीच्या अब्रूवर शिक्कामोर्तब केलं, तेही तिचं नाव न घेता. रस्त्यावर लोक जमून "कार्डिनल झिंदाबाद" ओरडत होते. राजाने मग त्याचं दरबारातलं पद काढून घेतलं, त्याला दूर एका मठात धाडलं, त्याने तर लोक जास्तच चिडले.

खडीसाखर:
बाप रे, माफीचं हे मला माहीतच नव्हतं. आता सगळं नीट लागतंय.

आणि तो पांढरा मलमलचा झगा! १७८३ च्या चित्रप्रदर्शनात व्हिजे ल ब्रँने काढलेलं राणीचं चित्र लागलं होतं, तिच्या अंगात साधा मलमलचा झगा, डोक्यावर गवती हॅट. लोक भडकले, राणीने अशा आतल्या कपड्यांसारख्या वेशात बसायचं म्हणजे काय म्हणून, चित्र उतरवावं लागलं. दागिने घातले तर उधळी, साधी राहिली तर निर्लज्ज. निकोलला वर्षभराने त्याच धाटणीचा झगा घातला. अंधारात चेहरा न दिसताही कपड्यांवरून राणी ओळखू यावी इतकी ती चर्चा पसरलेली होती.

पाचपेडी:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, आमचा खड्यांचाच व्यवसाय. जिनिव्हात सदबीज ह्या लिलाव कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये विकला तो हार साधारण ५०० हिऱ्यांचा, ३०० कॅरेटच्या जवळपास, तीन पदरी, दोन्ही टोकांना गोंडे, अंदाजाच्या बराच वर जाऊन ४८ लाख डॉलरला गेला. त्यातले काही हिरे त्या हारातले "असावेत" इतकंच म्हटलं गेलं. ह्याहून पुढे कुणालाच जाता येणार नाही. सुटा हिरा बोलत नाही. १७८५ मध्ये लंडनला गेलेले खडे सुरीने ओरबाडलेले, काहींना इजा झालेली, घेणाऱ्याने ते परत घासून पैलू पाडून दुसऱ्या दागिन्यात बसवले असणार, आणि एकदा वजन आणि घडण बदलली की जुन्या यादीशी ताळा जमत नाही. हाराचं चित्र राहिलंय, त्यावरून नंतर प्रतिकृती केल्या गेल्या, मूळ हाराचं एकसंध काही नाही.

तिचे स्वतःचे खरे दागिने मात्र आहेत. क्रांतीच्या धामधुमीत तिने ते लाकडी पेटीत भरून बाहेर पाठवले, ते पुढे मुलीला मिळाले आणि वारशाने बूर्बों पार्मा घराण्यात गेले. त्यातला एक मोत्याचा लोलक, वर हिरा, २०१८ मध्ये ३ कोटी ६० लाख डॉलरवर गेला. जो हार तिने कधी घातलाच नाही तो सगळ्यांना ठाऊक, आणि हा मोती जो खरंच तिच्या गळ्यात होता त्याचं कुणी नावही काढत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

रानजाई:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काळाकोट, तुमच्या उत्तराने माझा मूळ प्रश्न सुटला. झानचं पुढे काय झालं? आणि राणीने ह्यावर नंतर कधी काही म्हटलं का?

जुनीपोथी:
झानला डागताना ती इतकी झटापट करत होती की दुसरा डाग खांद्याऐवजी छातीवर बसला. अक्षर होतं "व्ही", व्होलझ, म्हणजे चोरटी. वर्षभरात ती पुरुषाच्या वेशात तुरुंगातून निसटली, लंडनला पोचली आणि आठवणी छापल्या, त्यात सगळं खापर राणीवर. त्या फ्रान्समध्ये चोरून यायच्या आणि क्रांतीच्या तोंडावर लोक त्या वाचत होते. १७९१ मध्ये लंडनमध्येच खिडकीतून पडून गेली.

आणि राणीने म्हटलं, पण फार उशिरा. ऑक्टोबर १७९३, क्रांतिकारी न्यायालय, नवरा जानेवारीतच गिलोटिनवर गेलेला, मुलगा काढून घेतलेला, केस पांढरे झालेले. त्या खटल्यातही तिला विचारलं, ला मोत बाईला तू ओळखत होतीस ना? ती म्हणाली, मी तिला कधी पाहिलं नाही. मग विचारलं, हाराच्या प्रकरणात ती तुझा बळी नव्हती का? तर म्हणाली, कशी असेल, मी तिला ओळखतच नव्हते. ह्यानंतर दोन दिवसांत तिलाही गिलोटिनवर नेलं.