फुकट ओडू की ईआरपीनेक्स्ट?

लेथवाला: कारखान्याचा हिशोब, स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल काल इथे एकाने लिहिलं, ‘छोट्या कारखान्याने डोळे झाकून ओडू कम्युनिटी टाकावं, फुकटात सगळं मिळतं.’ सगळं? 2015 च्या नवव्या आवृत्तीपासून ओडूचं पूर्ण अकाउंटिंग एंटरप्राइझ या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत गेलंय. फुकटच्या कम्युनिटीत बिलं बनवा आणि ताळेबंदासाठी ओसीएची (ओडू कम्युनिटी असोसिएशनची) जोड-मॉड्यूलं हुडकत बसा. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अकाउंटिंग, स्टॉक, प्रॉडक्शन सगळं जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुलं आहे. इंडिया कम्प्लायन्स ॲप टाकलं की जीएसटी, ई-वे बिलही होतं. भोसरीत आमच्या तेरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं चालतंय.

पोस्टग्रेसप्रेमी: ते मीच लिहिलं. मॉड्यूलं शोधायला अर्धा दिवस लागतो, त्याचं केवढं भांडवल! ओडू पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे, मेटाबेस हे रिपोर्टचं टूल जोडून हवा तो रिपोर्ट काढतो.

लेथवाला: मेटाबेस ईआरपीनेक्स्टच्या मारियाडीबी डेटाबेसलाही जोडता येतं. आणि ओडूची आवृत्ती बदलताना काय करता?

वहीखातं: बॅकअप कोण घेतं ते आधी सांगा. आमच्या सर्व्हरची डिस्क गेली. ईआरपीनेक्स्टचा बॅकअप रोज दुसऱ्या मशीनवर जात होता, पण कमांडमध्ये जोडलेल्या फाइलींचाही बॅकअप घेणारं ‘विथ फाइल्स’ नव्हतं. डेटाबेस परत आला, दोन वर्षांची स्कॅन केलेली खरेदी बिलं गेली.

लेथवाला: ताई, कमांड अर्धी लिहिली तर सॉफ्टवेअरचा काय दोष?

वहीखातं: सॉफ्टवेअरला दोष दिलाय कुठे मी? ज्याला सेटअपचे पैसे मोजले त्याला हे ठाऊक नको? महिनाभर एकेका सप्लायरला फोन करून बिलांच्या कॉप्या मागितल्या. तिसऱ्या फोनला माणसं उचलत नाहीत. तुम्ही लायसन्सवर भांडा.

जुनाटॅली: म्हणून टॅली बरी. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना एडिट लॉग (हिशोबात कधी काय बदललं याची नोंद) लागतो, तोही आहे तिच्यात.

लेथवाला: इथे विषय ओपन सोर्सचा आहे. आणि टॅलीची डिस्क काय अमर असते?

पोस्टग्रेसप्रेमी: आवृत्तीचं विचारलंत ना? कम्युनिटीवाल्याला ओपनअपग्रेड या ओसीएच्या टूलचाच आधार, माझे दोन रविवार त्यात गेलेत. ‘सगळं’ हा शब्द मागे घेतो. ओडू सोडणार नाही.

वहीखातं: तुमच्यापैकी कोणी बॅकअप रिस्टोर करून पाहिलाय? नुसती फाइल बनते म्हणू नका.

पोस्टग्रेसप्रेमी: डेटाबेस केलाय. फाइलस्टोअर, म्हणजे जोडलेल्या फाइलींचा साठा, नाही.

लेथवाला: तीन वर्षांत एकदाही नाही. आज शिफ्ट सुटल्यावर जुन्या पीसीवर करून बघतो. ड्रॉइंग्ज उघडली की नाही, इथेच लिहितो.