मदत हवी आहे: सासूबाईंच्या गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया कुठे आणि कधी करावी?

नमस्कार. मी सोलापुरात राहते. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या असून त्यांची पाळी जाऊन तेरा वर्षे झाली आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्या बायोप्सीचा अहवाल आला. त्यात ‘एंडोमेट्रिऑइड अॅडिनोकार्सिनोमा, ग्रेड १’ असे लिहिले आहे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. सोमवारी डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल निर्णय कळवायचा आहे. त्याआधी जाणकारांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फेब्रुवारीपासून त्यांच्या अंगावरून थोडे थोडे लाल जात होते, पण त्यांनी घरात कोणालाही सांगितले नाही. एप्रिलमध्ये न्हाणीघर धुताना फळीमागे साबणाच्या रिकाम्या डब्यात मला जुन्या लुगड्याची फडकी सापडली. धुऊन, नीट चौकोनी घड्या घालून ठेवलेली, पण डाग न गेलेली. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, पाळी परत आली असंल. या वयात कुणाला सांगायचं?” त्याच दिवशी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे उन्हाळ्याची उष्णता आहे असे सांगून रक्त थांबण्याच्या गोळ्या दिल्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. सोनोग्राफी सुचवली नाही. दोन वर्षांपूर्वीची पॅप तपासणी चांगली आली होती म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते आणि आतल्या अस्तराचा रोग तिच्यात सापडेलच असे नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी करून घ्यायची असते, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, याचे अजूनही वाईट वाटते.

मेअखेरीस दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनीमार्गातून सोनोग्राफी केली, तेव्हा अस्तराची जाडी १४ मिलिमीटर निघाली. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि जाडी ४ मिलिमीटरच्या वर असेल, तर तुकडा काढून तपासावाच लागतो, असे त्यांनी समजावून सांगितले. एमआरआयनुसार रोग गर्भाशयाच्या स्नायूच्या निम्म्या जाडीच्या आतच आहे आणि बाहेर कुठे पसरलेला दिसत नाही. सासूबाईंचे वजन ८६ किलो असून पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पाळी गेल्यावरही शरीरातील चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते, त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेले नसते, त्यामुळे अस्तर वाढत जाते, असे डॉक्टर म्हणाले. गर्भाशय, दोन्ही ओव्हरी आणि नलिका काढाव्यात, असा त्यांचा सल्ला आहे.

माझ्या शंका अशा आहेत. सासूबाई गेली तीस वर्षे आषाढीला पंढरपूरला जातात आणि एकादशी पाच आठवड्यांवर आहे. ‘वारी झाल्यावर बघू’ असे त्या म्हणतात. एवढे थांबणे योग्य आहे का? पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया तर सोलापुरात पुष्कळ ठिकाणी होते, मग त्यासाठी कर्करोग शल्यचिकित्सकाकडेच जाणे आवश्यक आहे का? एवढे वजन आणि साखर असताना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया बरी की पोट उघडून? एका नातेवाइकांनी, शस्त्रक्रिया टाळून हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवा, असेही सुचवले आहे. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावेच लागते का?

आणखी एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. सासूबाईंच्या धाकट्या भावाला ४३व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता आणि त्यांच्या आई पन्नाशीत ‘पोटातल्या गाठीने’ गेल्या. माझे पती आता ३८ वर्षांचे आहेत. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद:

ताई, मी स्त्रीरोग विभागात बावीस वर्षे परिचारिका होते. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण सोमवारी काय विचारावे एवढे निश्चित सांगू शकते.

सर्वात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी, कारण तो फार महत्त्वाचा आहे. आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग एकाच घरात दिसला, त्यातही कमी वयात, तर लिंच सिंड्रोमचा विचार करावाच लागतो. ही आनुवंशिक स्थिती आहे, जिच्यात हे दोन्ही कर्करोग होण्याचा धोका वाढतो. सासूबाईंमध्ये हा जनुकदोष असेल तर तो मुलाकडे किंवा मुलीकडे येण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. यासाठी नवीन तुकडा काढावा लागत नाही. आहे त्याच तुकड्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिने तपासता येतात, त्यांना मिळून एमएमआर म्हणतात. पी५३ हे गाठीचा स्वभाव सांगणारे वेगळे प्रथिन, आणि तुकडा रंगवून प्रथिने पाहण्याच्या तपासणीला आयएचसी म्हणतात. तेव्हा ‘एमएमआर आणि पी५३ची आयएचसी झाली आहे का?’ असे नेमक्या शब्दांत विचारा. त्या चारांतले एखादे प्रथिन नसले म्हणजे दोष आनुवंशिकच आहे असे नव्हे. ते पुढे रक्ताच्या जनुकीय तपासणीतून ठरते. पण तसे निघालेच, तर तुमच्या पतींना वेळेवर कोलोनोस्कोपी सुरू करता येईल, आणि आतड्यातली गाठ कर्करोग होण्याआधीच काढता येते. मामांचे जुने कागद शोधून ठेवा.

आता शस्त्रक्रियेबद्दल. ग्रेड १ सहसा सावकाश वाढतो. तपासण्या, साखर आटोक्यात आणणे, भुलेची पूर्वतयारी यांत दोन-तीन आठवडे गेले तरी घाबरू नका. पण वारीसाठी म्हणून मुद्दाम पाच आठवडे थांबा, असे मी कधीच म्हणणार नाही. तुकड्यात ग्रेड १ आले तरी पूर्ण गर्भाशय तपासल्यावर ग्रेड वाढलेला किंवा रोग खोल गेलेला निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

ही शस्त्रक्रिया साधी पिशवी काढण्यासारखी नसते. गर्भाशय अखंड बाहेर काढायचे असते, आत तुकडे करून चालत नाही. पोटाची आतून पाहणी करायची असते आणि पहिल्या लसिकाग्रंथी, ज्यांना सेंटिनल नोड म्हणतात, त्या तपासायच्या की नाही हे ठरवायचे असते. म्हणून कर्करोग शल्यचिकित्सकाचे मत घ्याच. त्यासाठी लगेच मुंबई गाठायला हवी असे नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, सोलापूरहून साधारण ७० किलोमीटर. परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचेच असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने दादरला उतरा. कुठेही गेलात तरी नुसता अहवाल पुरत नाही. प्रयोगशाळेतून बायोप्सीच्या तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि मेणाचे ब्लॉक मागून सोबत न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, कारण मंजुरी आधी लागते.

वजन जास्त असलेल्या बायकांना दुर्बिणीचा फायदा उलट अधिक होतो. मोठ्या टाक्यांत पू होणे, जखम उसवणे हे मधुमेही रुग्णांत मी इतके पाहिले आहे की शक्य असेल तिथे दुर्बीणच मागा, असे सांगेन. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेस’ या अभ्यासात पहिल्या टप्प्यातील ७६० स्त्रिया होत्या, आणि रोग परत न येण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या.

हार्मोनचा उपचार मूल हवे असलेल्या तरुण मुलींसाठी किंवा भूल सोसणार नाही अशा रुग्णांसाठी राखून ठेवलेला असतो. शेक लागेल की नाही, हे काढलेल्या गर्भाशयाच्या अंतिम अहवालावरच ठरते. ग्रेड १ आणि निम्म्याच्या आत असेल तर बहुधा काहीच लागत नाही. धोका थोडा जास्त निघाला तरी अनेकदा योनीमार्गातून आतून दिलेला शेक पुरतो, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, आणि बाहेरच्या शेकाच्या मानाने त्यात आतड्याचा त्रास बराच कमी होतो.

सासूबाईंना रोगाचे नाव सांगितले आहे का? तुमच्या लेखनात ते कुठे आले नाही.

मूळ लेखिका:

मनापासून आभार. नाव सांगितले नव्हते; घरात सगळे ‘गाठ’ म्हणत होते. आज संध्याकाळी त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, तेव्हा शेजारी बसून सगळे सांगितले, भावाचे कागद कशासाठी हवे आहेत तेही. थोडा वेळ त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, “माझ्या लेकराला तपासा आधी.” वारीचे त्यांनी स्वतःच काढले आणि या वर्षी नको म्हणाल्या. गुरुवारी बार्शीला दाखवायला नेत आहोत, काचा आणि ब्लॉक उद्या मिळतील, आणि मामींना अक्कलकोटला फोन करून मामांची फाइल शोधायला सांगितली आहे. आयएचसीचा अहवाल आला की इथेच लिहीन.