‘राकुइन’ला मराठीत काय म्हणावं?

चिंचोका:
जपानी दिग्दर्शक सेइजुन सुझुकींच्या १९६७ च्या ‘कोरोशी नो राकुइन’ या चित्रपटाची मराठी सबटायटलं करतोय, हौस म्हणून. शीर्षकातच अडकलोय. कोरोशी म्हणजे जीव घेणं. राकुइन म्हणजे तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. ती ज्याच्यावर बसली तो जन्मभर तसाच ओळखला जाणार. मी ‘खुनाचा डाग’ लिहिलं. मित्र म्हणे, साबणाची जाहिरात वाटते.

वाडीवरची:
मित्राला डागणी ठाऊक नाही वाटतं. आमच्याकडे पोराचं पोट फुगलं की बिब्बा तापवून डाग द्यायचे. माझ्या बेंबीशेजारी दोन आहेत. कुठल्या साबणाने जातात ते सांगा. ‘खुनाची डागणी’ करा.

शुद्धमती:
डाग फारसी. ‘तप्तमुद्रा’ हा आयता शब्द असताना उसनवारी कशाला? माध्व मंडळी आषाढी एकादशीला अंगावर शंख-चक्र उमटवून घेतात, तीच. शिवाय ‘इन’ म्हणजे शिक्काच, मुद्राच.

चिंचोका:
‘हत्येची तप्तमुद्रा’? लोक सोवळं नेसून येतील हो.

बारगीर:
फारसी दाग आणि आपला दाह एकाच घराण्यातले, तेव्हा सोयरसुतक नको. अल्लाउद्दीन खिलजी घोड्यांना दाग देई, म्हणजे हजेरीला कुणी भाड्याचं तट्टू उभं करू नये. गंमत अशी की तोफही ‘डागतात’. चटका देणं आणि गोळी घालणं, क्रियापद एकच! नायक बंदूकवालाच ना?

वाडीवरची:
तोफ डागतात, बंदूक झाडतात. ‘गोळी डागली’ हे बातम्यांतलं हिंदी.

बारगीर:
आमचे आजोबा फौजेत होते, ते म्हणायचे. तेव्हा घरात रेडिओसुद्धा नव्हता.

वाडीवरची:
फौजेतलं म्हणजे हिंदीच की!

शुद्धमती:
पण डागतो कोण, कुणाला?

चिंचोका:
हानादा. मारेकऱ्यांच्या क्रमवारीत तिसरा. ऐन वेळी बंदुकीच्या दुर्बिणीवर फुलपाखरू बसतं, नेम चुकतो आणि मग तोच सावज होतो. निक्कात्सु या चित्रपट कंपनीच्या मालकांना हा सगळा प्रकार काही झेपला नाही. १९६८ मध्ये सुझुकींना काढलं. ते कोर्टात गेले, १९७१ मध्ये तडजोड झाली, पण पुढचा चित्रपट एकदम १९७७ ला. राकुइन बसलं ते दिग्दर्शकावरच.
अवांतर: हानादाला भात शिजतानाच्या वासाने चेव येतो. सारखा पातेल्यात नाक. तिथे ‘सुगंध’ लिहिलंय, चालेल?

वाडीवरची:
भाताला सुगंध? अत्तर आहे का ते! वास.

शुद्धमती:
वास म्हटलं की हल्ली लोक नाकाला रुमाल लावतात. परिमळ.

बारगीर:
आंबेमोहोर असेल तर घमघमाट.

वाडीवरची:
वास ‘सुटतो’. आधणात तांदूळ वैरले, रटरटायला लागले, की सुटतो. ‘भाताचा वास सुटलाय’ एवढंच लिहा.

चिंचोका:
लिहिलं. आता शीर्षक?

बारगीर:
आधी सांगा, भात चिकट होतो का मोकळा?