पटाशीचे दात पडले, तरी काजूगर चावता येतात. पेरू मात्र तोडता येत नाही. असे का?

प्रश्न: गुहागरची आई

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गेल्या पंधरवड्यात त्याचे वरचे पटाशीचे दोन्ही दात पडले. तेव्हापासून त्याला पेरू तोडता येत नाही. तो ओठांत धरतो, तोंडाच्या कडेला सरकवतो आणि शेवटी कापून द्यायला माझ्याकडे आणतो. भाजलेले काजूगर मात्र तो गालाकडे सारून पूर्वीसारखेच खातो. काल त्याने विचारले, "आई, सगळे दात सारखेच असते तर?" दातांचा आकार आणि काम यांचा संबंध त्याला पटेल असा कसा सांगावा?

उत्तर: निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले

ताई, ओल्या खोबऱ्याची एक कातळी घेऊन त्याला आरशासमोर बसवा आणि आधी तुम्ही ती सावकाश खाऊन दाखवा. पटाशी हे सुताराच्या हत्याराचे नाव आहे आणि ते या दातांना नेमके शोभते, कारण ते मुळाकडे जाड व कडेला पातळ असतात. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे असल्यामुळे तोंड मिटताना दोन्ही कडा एकमेकींजवळून सरकतात आणि खोबरे कात्रीत सापडल्यासारखे तुटते. वरची कडच नसेल, तर खालची एकटी काय करणार?

तुटलेला तुकडा जीभ लगेच दाढांकडे ढकलते. दाढेचा माथा रुंद असून त्यावर उंचवटे आणि खळगे असतात. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो, आणि जबडा थोडा आडवा फिरला की मधले खोबरे भरडले जाते. काम जात्याचेच, फक्त जात्यात वरची तळी फिरते आणि तोंडात खालचा जबडा.

काजूगर दाढेखाली का फुटतो, हे अडकित्त्यावरून चांगले कळते. सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळीजवळ सरकवली की फुटते. आपल्या जबड्याची खिळ कानाच्या पुढे आहे आणि दाढा तिच्याजवळ असल्यामुळे त्यांच्यावर जोर अधिक येतो. सगळे दात पटाशीसारखे असते, तर त्या जोराने पातळ कडा मोडल्या असत्या आणि भात नुसताच चिरला गेला असता.

उत्तर: दंतवैद्य, रत्नागिरी

सरांनी उत्तम सांगितले आहे. सुळ्यांचा उल्लेख राहिला, म्हणून तेवढे जोडतो. सुळा टोकदार असतो आणि त्याचे मूळ सर्व दातांत लांब असते, त्यामुळे चिवट पदार्थ ओढून तोडताना तो डगमगत नाही. पण माणसाचे सुळे कुत्र्याच्या सुळ्यांइतके लांब नसतात. ते बहुतेक वेळा पटाशीच्या दातांबरोबरीनेच काम करतात.

दुधाचे दात 20 असतात. मोठ्या माणसाचे, अक्कलदाढा धरून, 32: पटाशीचे 8, सुळे 4, उपदाढा 8 आणि दाढा 12. आता ताई, एक गोष्ट आजच पाहा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. हे पाहून मला फार वाईट वाटते. ज्या खळग्यांमुळे ती दाढ अन्न भरडते, त्यांतच अन्न अडकते, आणि दातावरचे कठीण आवरण एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही. ब्रश तिथपर्यंत तुम्ही स्वतः फिरवा.

गुहागरची आई

दोघांचेही आभार. खालच्या दोन्ही बाजूंना ती दाढ आलेली आहे आणि मीही तिला दुधाचीच समजत होते. खोबऱ्याचा प्रयोग झाल्यावर तो थेट गोठ्यात गेला आणि गाईला वर पटाशीचे दात नाहीत, असे सांगत आला. मग ती गवत कशी तोडते?

निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले

त्याचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. गाईला वर दातांऐवजी कठीण गादी असते. ती जिभेने गवताचा झुबका ओढून घेते, खालचे दात आणि ती गादी यांत दाबते आणि मानेला हिसका देऊन तोडते. संध्याकाळी ती रवंथ करत असताना त्याला समोर बसवा. खालचा जबडा किती आडवा फिरतो, ते त्याला स्पष्ट दिसेल.