मदत हवी आहे: भावाचा पाय गेला, कंपनी राजीनामा मागतेय (नागपूर)

माझा लहान भाऊ हिंगणा एमआयडीसीतल्या एका खाजगी कंपनीत नऊ वर्षांपासून स्टोअरला आहे. माल आला की एन्ट्री, गेला की चलान. सेकंड शिफ्ट करून घरी येताना ट्रकने उडवलं, उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता कृत्रिम पाय बसवलाय, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलंय, अपंगत्व 60 टक्के.

कामावर गेला तर स्टोअरचं ऑफिस वरच्या माळ्यावर नेलेलं. लोखंडी जिना, बावीस पायऱ्या, एका बाजूला कठडाच नाही. "माझं टेबल खाली गेटजवळ लावा, कॉम्प्युटर तोच आहे," एवढंच तो म्हणाला. एचआरवाल्यांनी राजीनाम्याचा कागद टाइप करूनच ठेवला होता. तारखेची जागा कोरी. "तीन महिन्यांचा पगार घे नं भाऊ, कायले त्रास करून घेतो?" भावाने अजून सही केलेली नाही.

मी दिव्यांगांचा 2016 चा कायदा वाचला. कलम 20 म्हणतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. पण तिथे शब्द आहे 'शासकीय आस्थापना'. मग खाजगीवाल्यांना रान मोकळंच का? कंपनीत साठ-पासष्ट माणसं आहेत.

*

प्रतिसाद १: ताई, सही अजिबात करू देऊ नका. राजीनामा दिला की 'स्वखुशीने सोडलं' झालं.

कलम 20 बद्दल तुमचं वाचन बरोबर आहे. पण कलम 21 खाजगीलाही लागू आहे: समान संधी धोरण करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात कोणत्या सोयी देणार तेही लिहायचं आणि संपर्क अधिकारी नेमायचा. शिवाय कलम 3 मधली भेदभावाची मनाई फक्त सरकारपुरती नाही. तेव्हा भावाने लेखी अर्ज करून दोनच गोष्टी मागाव्यात, धोरणाची प्रत आणि खालचं टेबल. वाजवी सोय मालकावर अवाजवी बोजा पडेल इतकी नसावी, असं कायदा म्हणतो. टेबल खाली आणण्यात कसला बोजा?

दाद दिली नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. दंड मात्र पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंतच. कंपनीचा महिन्याचा चहा तेवढ्याचा होत असेल! दुसऱ्यांदा 50 हजार ते 5 लाख.

आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत होते का?

*

धागाकर्ती: हो, पगार साडेअठरा हजार, दर महिन्याला कापतात. पण अपघात कामाच्या ठिकाणी नाही झाला, म्हणून कंपनीने तिकडे कळवलंच नाही.

*

प्रतिसाद १: तिथेच फसवलं बघा. कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरतात. मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता घटल्याचं ठरवलं की कायमचा मासिक लाभ मिळतो, नोकरी चालू असली तरी. एफआयआर, त्या दिवसाची हजेरी आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन ईएसआयच्या शाखेत जा. कंपनीच्या कागदाची वाट पाहू नका.

*

धागाकर्ती: एफआयआर आहे. हजेरीचं पंचिंग कंपनीकडे आहे, पण सुटल्यावर त्याने घरी फोन केला होता, ती वेळ मोबाइलमध्ये सापडली. उद्या कंपनीत टेबलाचा अर्ज देतोय. आवकचा शिक्का मारायला नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाची पावती चालेल ना?

*

प्रतिसाद १: चालेल. पोचवल्याचा ऑनलाइन रिपोर्टही छापून ठेवा. आणि जिन्याचा फोटो काढा, कठडा नसलेल्या बाजूने.