मोठेपणी सुरू झालेली मांजराची अ‍ॅलर्जी : मांजर घरात ठेवून काय करता येईल?

पागोळी
ठाण्यात वन बीएचके, घरात तीन वर्षांची भाटी, माझं वय 36. लहानपणापासून मांजरांची सवय असूनही पावसाळ्यापासून सकाळी सलग शिंका येतात, नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात. मनीने हात चाटला की तिथे गांधी उठतात. इतक्या उशिरा अ‍ॅलर्जी होते का? कोणती तपासणी करावी? आणि घरात नेमकं काय बदलावं? मांजर देऊन टाकणं हा अगदी शेवटचा पर्याय आहे.

निरगुडी
होते, कोणत्याही वयात. शरीर आधी मांजराच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करतं. ती नाकाडोळ्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच प्रथिन पुन्हा आलं की त्या पेशी हिस्टामीन सोडतात आणि शिंका सुरू होतात. या तयारीला महिने, कधी वर्षं जातात आणि तोवर काहीच जाणवत नाही. उलटंही होतं : मांजराच्या घरातली मुलं शिकायला बाहेर राहतात आणि सुट्टीत परतली की शिंकू लागतात, कारण रोजच्या सहवासाने टिकलेली सहनशीलता ओसरलेली असते.

दोष केसांचा नाही. मुख्य प्रथिन फेल डी 1, ते मांजराच्या त्वचेतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत बनतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि कोंड्याबरोबर हवेत जाते. यातले बरेच कण 5 मायक्रॉनपेक्षा लहान असल्याने तासन्‌तास तरंगतात, भिंतींना आणि कपड्यांना चिकटतात. त्यामुळे ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ म्हणून महागडं पिल्लू विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. न्यूटर (नसबंदी) न केलेल्या बोक्यात हे प्रथिन सर्वांत जास्त असतं.

औषधपेटी
आधी दोषी मांजरच आहे का ते पक्कं करा. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत गादीतले धुळीचे किडे आणि झुरळं हीसुद्धा मोठी कारणं आहेत. सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि सुरुवात पावसाळ्यात, हे वाचून मला तर किड्यांचाच संशय आधी येतो. चाटल्यावर उठणाऱ्या गांधी मात्र मांजराकडे बोट दाखवतात. दोन्ही एकत्र असणंही अगदी शक्य आहे.

स्किन प्रिक टेस्ट उत्तम. हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, 15-20 मिनिटांनी फुगवटा मोजतात. तुलनेसाठी टाकलेल्या सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) थेंबापेक्षा 3 मिमी मोठा आला तर पॉझिटिव्ह. चुकतं कुठे, तर सर्दीची गोळी चालू ठेवून लोक चाचणीला जातात. सेटिरिझिनसारख्या गोळ्या साधारण 7 दिवस आधी बंद लागतात, नाहीतर हिस्टामीनचा तुलनेचा थेंबही फुगत नाही आणि चाचणी वाया जाते. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे चालतो. नैराश्याच्या काही गोळ्यांमुळेही निकाल बिघडतो, पण त्या स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना सांगा.

गोळी थांबवता येत नसेल तर रक्तातली स्पेसिफिक आयजीई, म्हणजे एकेका कारणाविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी. मागताना नेमकं मागा : मांजर (ई-1), धुळीचे किडे (डी-1, डी-2), झुरळ (आय-6). 0.35 च्या वर आलं तर संवेदनशीलता आहे. नुसत्या टोटल आयजीईवरून काही ठरत नाही, जंतांमुळेही ती वाढते. शंभर पदार्थांचं आयजीजी (वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं) पॅनेल तर घेऊच नका.

पागोळी
धन्यवाद. नाकाचा स्प्रे सहा दिवस मारला, फरक नाही म्हणून सोडला. औषध बदलावं का?

औषधपेटी
इतक्यात नको. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टेरॉइडच्या स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात आणि तो रोज घ्यावा लागतो. आधी पद्धत तपासा. नवी बाटली हलवून हवेत फवारा नीट येईपर्यंत दाबायची. मान किंचित पुढे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला की नाकातून रक्त येतं. ओढायचं हळूच. घशात कडवट चव आली तर जोरात ओढलं गेलं आणि औषध वाया गेलं.

चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब पाचेक दिवसांपलीकडे नकोत. सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. सर्दीच्या गोळीत मॉन्टेलुकास्ट मिसळलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. ती घेताना झोप किंवा मनःस्थिती बिघडली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

रात्री खोकला, छातीत घरघर, जिना चढताना दम यांतलं काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. दम्यावर उपचार न करता मांजराबरोबर राहणं धोक्याचं आहे.

दोन_खिडक्या
घराबद्दल. झोपायची खोली मनीला पूर्ण बंद, दिवसासुद्धा. दिवसा ती पलंगावर झोपली तर रात्रभर तुमचं नाक तिच्याच जागेवर असतं. वन बीएचकेमध्ये हे जड जातं, पण एकच गोष्ट करायची तर हीच करा. आधी गादी-उशीला झिपची दाट विणीची खोळ, चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांवर. याने किड्यांचाही बंदोबस्त होतो. पडदे पातळ आणि धुता येणारे, गालिचा नको.

मग एअर प्युरिफायर. 10 बाय 12 ची, 9 फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 30 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) 150 घनमीटर लागतो. तो आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून 250 च्या पुढचा घ्या आणि कमी वेगावर चालवा. एचईपीए (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर हवा, ओझोन सोडणारा नको. खिडकी उघडी असेल तर उपयोग नाही.

केरसुणीने कण उडतात. ओल्या फडक्याने पुसा, सोफ्यावर एचईपीए व्हॅक्यूम. मांजराला दर आठवड्याला आंघोळ घालू नका. दोनेक दिवसांत प्रथिन पूर्वीइतकंच होतं, आणि तिला त्रास होतो तो वेगळाच.

निरगुडी
आंघोळीबद्दल सहमत. ओल्या कापडाने अंग पुसणंही तात्पुरतंच. त्यापेक्षा अंड्यातल्या प्रतिपिंडांचं खाद्य मिळालं तर बघा. ते लाळेतलं फेल डी 1 निष्प्रभ करतं आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी निम्म्याच्या आसपास उतरतं. शून्य होत नाही. शी-शूचा ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करावा, आणि मातीऐवजी लाकडी गोळ्या वापरा, धूळ कमी उडते.

एक सांगून ठेवते. मांजर घराबाहेर गेलं तरी प्रथिन घरात चार-सहा महिने टिकतं. ‘चार दिवस मामाकडे ठेवून बघ’ या प्रयोगावरून काही ठरवू नका. त्याऐवजी तुम्हीच आठवडाभर बिनमांजराच्या घरी, धुतलेले कपडे नेऊन राहा.

पागोळी
इंजेक्शनांचा कोर्स?

औषधपेटी
त्याला इम्युनोथेरपी म्हणतात : तेच प्रथिन थोडं थोडं वाढवत टोचून शरीराला सवय लावायची. ती 3 ते 5 वर्षांची असते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला. प्रत्येक डोसनंतर 30 मिनिटं दवाखान्यातच थांबायचं, कारण तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिन लगेच द्यावं लागतं. घरी टोचून घेण्याची सोय देणाऱ्याकडे जाऊ नका. दमा आटोक्यात नसेल तर सुरू करत नाहीत. स्प्रे आणि बंद खोली यांना आधी तीन महिने द्या.

मांडवीकाठ
गोव्याच्या वाचकांसाठी भर. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या काही थोड्या लोकांना डुकराच्या मांसानेही त्रास होतो, कारण मांजराच्या आणि डुकराच्या रक्तातलं अल्ब्युमिन सारखं असतं (हे फेल डी 2). ताजं कमी शिजलेलं किंवा धुरावलेलं मांस जास्त त्रास देतं, खूप शिजवलेलं कमी. जेवणानंतर थोड्याच वेळात तोंड खाजलं, अंगावर गांधी आल्या, पोटात कळ आली तर डुकराचं मांस बंद करून अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला सांगा. घसा आवळला किंवा चक्कर आली तर गोळीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जा.